तापीच्या माथ्यावरून : पर्वत पाटिया ते उकाई

सुरत बघायची तर पूर्वेकडून बघावी आणि जमलं तर वरून बघावी, असं माझं मत आहे. शहराच्या जाहिरातींत दिसते ती पश्चिमेची सुरत : डुमसचा किनारा, वेसूचे टॉवर, खजोदचा हिरेबाजार. पण या शहरात खानदेशचा कापूस आला, बुऱ्हाणपूरचे व्यापारी तांडे आले, पूर आले आणि धुळे-नंदुरबार-जळगावची माणसं आली ती पूर्वेकडून, तापीच्या वाटेने. पर्वत पाटिया हा चौक या पूर्व बाजूच्या तोंडाशी आहे. एका अंगाला लिंबायत, दुसऱ्या अंगाला गोडादरा, पुढे सारोलीची कापड मार्केटं आणि बारडोलीकडे जाणारा रस्ता.

चौकात उभं राहिलं तर यातलं काही उमगत नाही. साड्यांच्या गठ्ठ्यांनी ओथंबलेले टेम्पो, मेट्रोचे खांब आणि मार्केटांच्या काचेच्या भिंती यांच्यापलीकडे नजर जात नाही. नदी कुठल्या दिशेला, समुद्र किती लांब, आपली सोसायटी सखलात की उंचावट्यावर, हे सांगणारी एकही खूण रस्त्यावरून दिसत नाही. आणि या भागात तर ते कळणं गरजेचं आहे, कारण इथे पावसाळ्यात पाणी दाराशी येतं.

उंचीने काय फरक पडतो त्याचं गणित सोपं आहे. पाच फूट उंचीवरच्या डोळ्यांना सपाट जमिनीवर क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरांवर असतं. तोच डोळा 300 मीटर वर नेला की क्षितिज साठ किलोमीटरांपलीकडे जातं. हवा स्वच्छ असेल तर पर्वत पाटियाच्या वर तेवढ्या उंचीवर एका अंगाला हजिऱ्याचा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला बारडोलीच्या साखर कारखान्याचं धुराडं, दोन्ही एकाच जागेवरून दिसतील. पर्यटकांना घेऊन फिरणारं हेलिकॉप्टर साधारण याच उंचीवर उडतं. विमान याहून फार वर जातं आणि फार वेगाने जातं. गाव ओळखेपर्यंत मागे पडतं. हेलिकॉप्टर सावकाश वळू शकतं, एखाद्या जागेभोवती फेरी मारू शकतं. शहर वाचायला हे वाहन फार योग्य आहे.

पर्वत पाटियाहून जवळची नावाजलेली हेलिकॉप्टर फेरी केवडियाची, म्हणजे आताच्या एकतानगरची. रस्त्याने दीडशे किलोमीटरांच्या आसपास. 31 ऑक्टोबर 2018 रोजी सरदार पटेलांच्या पुतळ्याचं लोकार्पण झालं आणि त्यानंतर तिथे पर्यटकांसाठी हेलिकॉप्टर सुरू झालं. फेरी दहा-एक मिनिटांची. एवढ्याशा वेळासाठी इतका खर्च करायचा का, असं घरात कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर असं की दहा मिनिटं पुरतात, मात्र काय बघायचं हे आधी ठरवून बसायला हवं.

हेलिपॅडवर पहिलं काम वजनाचं. प्रत्येक प्रवाशाला काट्यावर उभं करतात आणि त्या आकड्यावरून कोण कुठे बसणार ते ठरतं. नवरा-बायकोला शेजारी बसायचं असतं, मुलाला खिडकी हवी असते, पण तिथे हट्ट चालत नाही. चार-पाच माणसांच्या या यंत्रात वजन एका बाजूला गेलं की तोल सांभाळणं अवघड होतं. शिवाय तापलेली हवा विरळ असते आणि विरळ हवेत पाती कमी भार उचलतात. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी सकाळपेक्षा एखादा माणूस कमी घ्यावा लागू शकतो. मग कर्मचारी हात धरून, पुढच्या बाजूने, मान खाली घालून नेतात. ओढण्या, टोप्या, सैल पिशव्या आधीच काढून ठेवायला लावतात. शेपटीकडे कुणालाही जाऊ देत नाहीत, कारण शेपटीचा छोटा पंखा फिरताना डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

कानांवर हेडफोन चढले की आवाज एकदम दूर जातो. पायलटच्या डाव्या हाताला एक दांडा असतो, तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कल एकदम वाढतो आणि यंत्र जमीन सोडतं. उजव्या हातातल्या दांड्याने पुढे, मागे, बाजूला जायचं. पायांखालच्या पेडलनी शेपटीचा पंखा आवरायचा, नाहीतर पाती एकीकडे फिरतात म्हणून धड उलटीकडे गरगरलं असतं. जमिनीपासून हातभर वर आल्यावर हेलिकॉप्टर क्षणभर थांबतं, नाक थोडं खाली घालतं आणि पुढे सरकतं. वेग तीस-चाळीस किलोमीटरांवर गेला की अंगाला एक थरथर जाणवते आणि लगेच यंत्र हलकं होऊन वर उचललं जातं. पात्यांनी स्वतःच ढवळलेली हवा मागे टाकून स्वच्छ हवेत शिरण्याचा तो क्षण. नवखा माणूस तिथे घाबरतो. खरं तर तिथून पुढे उडणं सोपं झालेलं असतं.

वर गेल्यावर पुतळा दिसतोच. 182 मीटर उंच, धरणाकडे तोंड करून साधू बेटावर उभा. त्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, आणि लिंबायतच्या कितीतरी घरांतली सोयरीक त्याच पंचक्रोशीतली आहे. पण मी सांगेन की पुतळ्यावरून नजर काढून धरणाच्या मागे न्यावी. 1,210 मीटर लांब आणि 138.68 मीटर उंच सरदार सरोवराच्या भिंतीमागे नर्मदेचं पाणी डोंगरांच्या घळींत बोटं घालून पसरलेलं आहे. त्या पाण्याचा दक्षिण काठ थोड्याच अंतरावर महाराष्ट्राचा होतो. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे बुडितात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव तिथलंच. नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं या जलाशयाने बाधित झाली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, नवं गोरा गावी बांधलं. पुतळ्याच्या 153 मीटरवरच्या सज्जातूनही धरण दिसतं, पण भिंतीमागचं पाणी डोंगरात किती आत शिरलं आहे ते वरून जसं दिसतं तसं दुसरीकडून दिसत नाही. ज्यांची गावं त्या पाण्याखाली आहेत त्यांनी ते एकदा वरून बघावं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण ज्यांच्या नळाला ते पाणी येतं त्यांनी जरूर बघावं.

केवडियाला एक वेगळा प्रयोगही झाला होता. 31 ऑक्टोबर 2020 रोजी अहमदाबादच्या साबरमतीवरून इथे पाण्यावर उतरणारं विमान सुरू झालं. ते काही महिन्यांतच थांबलं. हेलिकॉप्टर टिकलं, कारण त्याला चार बाजूंनी मोकळी एवढीशी जागा पुरते. अहमदाबादमध्ये 2022 च्या सुरुवातीला साबरमतीच्या काठावरूनही शहरदर्शनाची फेरी सुरू झाली. मुंबईत तर जुहू आहे. 1928 साली सुरू झालेला तो विमानतळ देशातल्या नागरी विमानसेवेचा पहिला पत्ता. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. आज तिथली मुख्य वर्दळ समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगार नेणाऱ्या हेलिकॉप्टरांची. पवनहंस ही सरकारी कंपनी 1985 मध्ये स्थापन झाली ती याच गरजेतून, आणि तिथूनच पर्यटकांनाही मुंबई वरून दाखवली गेली.

सुरतेला हेलिकॉप्टरची ओळख झाली ती मात्र सहलीमुळे नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये, 7 तारखेपासून पुढचे काही दिवस, तापीने शहराचा तीन चतुर्थांश भाग बुडवला. उकाई धरणातून सुटणारं पाणी 9 लाख क्युसेकच्या घरात गेलं होतं. वीज नाही, फोन नाही, पिण्याचं पाणी नाही. पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलेल्या इमारतींच्या गच्च्यांवर लोक भिजत बसले होते. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी त्या गच्च्यांवर अन्नाची पाकिटं आणि पाण्याच्या पिशव्या टाकल्या. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना आजही पात्यांचा आवाज आला की वर बघावंच लागतं. अडाजण, रांदेर, कतारगाम, अठवा या नदीकाठच्या भागांनी तो मार सर्वाधिक खाल्ला.

तेव्हा जे वरून उडत होते त्यांना शहराचा आकार दिसला असेल, आणि मला वाटतं तो आकार शांत दिवसांत सगळ्यांना दिसायला हवा. सुरतेवर फेरी आखायची झाली तर मी ती पर्वत पाटियाहूनच सुरू करीन.

इथे आधी दिसतील त्या खाड्या. मीठी खाडी, भेदवाड खाडी, कोयली खाडी : नकाशावर त्या निळ्या दोऱ्यासारख्या, जमिनीवर गटारासारख्या आणि पावसाळ्यात घरात. पूर्वेकडच्या शेतांवर पडलेलं पाणी या खाड्या गोळा करतात, कापड मार्केटं आणि वस्त्या यांच्यामधून वाट काढतात आणि मिंढोळा नदीच्या मुखाकडे जातात. तापी दुथडी भरलेली नसली तरी पर्वत पाटिया, लिंबायत, सारोली बुडतात ते या पाण्याने. जून 2025 मध्येही तेच झालं. सुरतेत त्याला खाडीपूर म्हणतात आणि तापीच्या पुराहून तो वेगळा धरतात. वरून पाहिलं की कारण लगेच कळतं : शेतात रुंद असलेला खाडीचा पट्टा शहरात शिरताना दोन्ही बाजूंच्या बांधकामांनी आवळला गेला आहे. सपाट जमीन, समुद्रसपाटीपासून जेमतेम तेरा-चौदा मीटर उंची, पुढे भरतीचं पाणी. मग पाऊस पडला की ते पाणी जाणार कुठे?

लिंबायतच्या गच्च्या याच वळणावर लागतात. अरुंद घरं, एकाला एक चिकटलेली, वर निळ्या ताडपत्र्या, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि वाळत घातलेल्या गोधड्या. या गल्ल्यांत अहिराणी चालते, श्रावणात कानबाई बसते, आखाजीला झोके बांधतात. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही याच पट्ट्यात आहेत. त्यांच्या बाजूला लूमच्या शेडची पत्र्याची छपरं रांगेने पसरलेली. पांडेसराकडे गेलं की डाइंग मिलांची धुराडी. दिवाळीत मात्र हा सगळा पसारा थंडावतो. लाभपाचमीपर्यंत मार्केटं बंद, लूम बंद, आणि उधना स्टेशनवर भुसावळच्या बाजूच्या गाड्यांत उभं राहायला जागा नाही.

तिथून नदीकडे वळलं की रिंग रोडची कमान दिसते. उधना दरवाजा, सहारा दरवाजा, मजुरा गेट ही तिच्यावरची नावं म्हणजे शहराच्या बाहेरच्या तटाची उरलेली खूण. आतल्या बाजूला जुनी सुरत नदीच्या वळणात बसलेली. तापी कामरेजकडून येते, वराछा-अमरोलीला वळसा घालते, रांदेरपाशी दक्षिणेकडे फिरते आणि किल्ल्याखालून समुद्राकडे जाते. पोर्तुगिजांच्या हल्ल्यांना आवर घालण्यासाठी सोळाव्या शतकाच्या चाळिशीत खुदावंद खानाने हा किल्ला नेमका तिथे का बांधला, ते वरून एका नजरेत समजतं : नदीतून येणारं प्रत्येक गलबत त्याच्या तोफांसमोरूनच जाणार.

जानेवारी 1664 मध्ये, सुरतेवरच्या स्वारीत, शिवाजी महाराजांचा तंबू शहराच्या पूर्वेला, बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत पडला होता. मुघल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, आणि त्याच्या तोफा शहराच्या नदीकडच्या टोकाला. किल्ला आणि बुऱ्हाणपूर दरवाजा यांच्यामध्ये अख्खं शहर. किल्ला न घेताही सुरत कशी हाती आली याची उकल पुस्तकातल्या वर्णनापेक्षा या अंतरातून अधिक होते. त्या वेळी शहराला मातीचा तट होता, या स्वारीनंतर विटांचा झाला. बुऱ्हाणपूरची वाट म्हणजे तापीच्या खोऱ्यातली आपली खानदेशची वाट, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रांदेर आणि सिंगणपोर यांच्यामध्ये नदीवर एक आडवी रेघ दिसते. तो 1995 चा विअर-कम-कॉजवे. त्याच्या वरच्या बाजूला गोडं पाणी साठलेलं, खालच्या बाजूला समुद्राच्या भरतीचं पाणी आत-बाहेर करणारं. वरून दोन्हींचे रंग वेगळे दिसतात, ओहोटीला खालच्या बाजूचा गाळ उघडा पडतो. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार वरच्या बाजूला आहे. पाण्याची पातळी 6 मीटरच्या वर गेली की कॉजवे वाहतुकीला बंद होतो, आणि पावसाळ्यात सुरतकर सकाळी उठल्यावर हाच आकडा विचारतात.

पुढे पूल, एकामागून एक. मग मगदल्ला, विमानतळ आणि खजोदचे हिरेबाजाराचे नऊ टॉवर. 17 डिसेंबर 2023 रोजी त्याचं उद्घाटन झालं. वरून तो एका पाठकण्याला जोडलेल्या फासळ्यांसारखा दिसतो. नदीपल्याड हजिऱ्याचे कारखाने आणि जेट्ट्या. मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि त्यांच्यामुळेच इंग्रजांची मोठी जहाजं सुरतेपर्यंत न येता सुंवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकत. या बाजूला मी फार रेंगाळणार नाही. विमानतळामुळे इथली उंची आणि मार्ग हवाई नियंत्रण कक्ष सांगेल तसाच ठेवावा लागतो, शिवाय समुद्राचं दर्शन डुमसला चालत जाऊनही होतं.

फेरीचा खरा अर्धा भाग पूर्वेला आहे. नदी धरून उलटं निघालं की थोड्याच वेळात उसाचा प्रदेश सुरू होतो. बारडोली, कडोद, मांडवी. कालव्यांच्या सरळ रेघा काकरापारच्या बंधाऱ्यापासून फुटतात. 1950 च्या दशकात हे पाणी आलं आणि त्यामागून ऊस आला. उसाच्या फडांच्या कडेला हिवाळ्यात कापडाच्या पालांचे पुंजके दिसतात. ते कोयत्यांचे पडाव. डांगातून, नवापूर-साक्रीकडून ऊसतोड मजूर इथे येतात आणि बैलगाड्यांसह महिनोन् महिने राहतात. 1928 च्या बारडोली सत्याग्रहाची ही जमीन, आणि तिच्या कडेचे हे पाल. सहलीच्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख कुणी करणार नाही. खिडकीतून ते दिसल्याशिवाय राहत नाहीत. काकरापारला अणुवीज केंद्र आहे, तिथे बंदी असलेल्या क्षेत्राला लांबून वळसा घालावा लागेल.

उजव्या हाताला सगळा वेळ एक लोहमार्ग सोबत करतो. उधन्याहून निघालेला, बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूर-नंदुरबारकडे जाणारा. तापी व्हॅली रेल्वेने तो 1900 पर्यंत अमळनेरला पोहोचवला. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. सोनगडचा किल्ला पिलाजी गायकवाडांचा. बडोद्याच्या आधी गायकवाडांचं ठाणं तिथे होतं.

शेवटी उकाई. 1972 मध्ये हे धरण पूर्ण झालं. सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटर. जलाशय भरला की सहाशे चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरतो आणि त्याचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यापर्यंत जातो. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर वाहते. तिच्या 65,145 चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी सुमारे पाचपैकी चार भाग महाराष्ट्रात आहे. अकोला-बुलढाण्याची पूर्णा, जळगावची गिरणा, धुळ्याची पांझरा, सगळ्यांचं पाणी या एका भिंतीशी येतं. म्हणून भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की सुरतेत लोक सावध होतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 345 फूट ही उकाईची पूर्ण पातळी इथल्या पोरांनाही पाठ असते. धरण रिकामं ठेवावं तर उन्हाळ्यात पाणी, वीज, ऊस अडतो. भरून ठेवावं तर 2006 आठवतं. हा पेच वर्तमानपत्रात वाचून पुरता उलगडत नाही. इतका मोठा जलाशय आणि त्याच्या खाली सपाट मैदानात नदीला चिकटून वसलेलं शहर एकाच उड्डाणात पाहिलं की तो पेच स्वच्छ दिसतो.

अशी फेरी करायची तर वेळ निवडावी. पावसाने धुतलेली हवा ऑक्टोबरात मिळते आणि दिवाळीत गिरण्या बंद असल्याने धूरही कमी असतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुकं आणि धूर जमिनीलगत अडकून राहतात, दिसत काही नाही. उन्हाळ्याच्या दुपारी डांबर आणि पत्र्यांवरून उठणारी हवा यंत्राला हिसके देते. सकाळी आठ ते दहा ही उत्तम वेळ. अशी हेलिकॉप्टरं पायलटच्या नजरेवर उडतात, म्हणून दृष्टी कमी असेल तर उड्डाण रद्द होणं हेच योग्य. पैसे परत मिळणार की दुसरा दिवस मिळणार, ते आधी लिहून घ्यावं. 15 जून 2025 रोजी केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ खराब हवेत कोसळलं आणि सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं. सपाट सुरतेची तुलना हिमालयाच्या घळींशी होत नाही, पण हवा बघून थांबण्याचा नियम दोन्हीकडे एकच. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं हा समज मात्र खरा नाही. खाली येताना हवेच्या जोरावर पाती फिरत राहतात आणि पुरेशी उंची असेल तर पायलट त्या फिरकीवर यंत्र उतरवू शकतो. प्रत्येक पायलटला ते शिकावं लागतं.

लग्नाच्या वरातीसाठी किंवा सभेसाठी शेतात हेलिकॉप्टर उतरलेलं आपण पाहतो : चुन्याने काढलेला एच, धूळ बसावी म्हणून मारलेलं पाणी, कडेला उभा अग्निशामक बंब, आणि त्याआधी जिल्हा प्रशासनाची परवानगी. तेवढ्याच तयारीत एका मैदानावरून सुरतेची फेरीही निघू शकते. ती निघेल तेव्हा तिचा मार्ग आखणाऱ्यांनी समुद्राकडे जाऊन परत न फिरता उकाईपर्यंत जावं, एवढी माझी मागणी आहे. आणि ज्यांना भाडं परवडणार नाही त्यांच्यासाठी लिंबायतच्या मराठी शाळांत भिंतीएवढं उपग्रहचित्र लावावं, मुलताई ते डुमस. पहिल्या दिवशी मुलांना त्यावर आधी आपलं गाव, मग आपली शाळा आणि मग शाळेजवळची खाडी शोधायला सांगावी.